बरणीखालची खुर्ची

पप्पांनी गाडी आणली त्या दिवशी आमच्या गल्लीत रडारड झाली.

गाडी कुणाच्या अंगावर घातली असं नाही. पप्पा अगदी सावकाश, हॉर्नसुद्धा न वाजवता, कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळीत शिरले आणि दारासमोर थांबले. पण गाडी होती ॲम्ब्युलन्स. तुर्भ्याच्या ज्या कारखान्यात ते फिटर होते, तिथली जुनी ॲम्ब्युलन्स मोडीत निघाली आणि पप्पांनी घरात कुणाला न विचारता ती उचलली. नव्वद सालानंतरची ती वर्षं. आमच्या ओळीत चारचाकी यायची ती लग्नाला नाहीतर दवाखान्याला, आणि लग्न तर कुणाचं ठरलेलं नव्हतं. समोरच्या मावशी डोक्यावरची मासळीची पाटी दारात आपटून धावत आल्या. त्यांच्यामागे आणखी बायका. आई मोरीत कपडे घासत होती. ती फेसाच्या हातांनी बाहेर आली, तर दारात सगळ्या तोंडाला पदर लावून उभ्या.

"कुनाला नेतान गो वैनी?" मावशींनी तिच्या गळ्यात पडून सूर लावला.

आईला वाटलं, पप्पांनाच काहीतरी झालं. तीही रडायला लागली. तेवढ्यात पप्पा पुढच्या सीटवरून धडधाकट उतरले. त्यांना बघून ती आणखी मोठ्यानं रडली. मग उलगडा झाला, तसे तिचे डोळे एकदम कोरडे झाले.

"मड्याची गाडी दारात आणून उभी केलीत व्हय?"

"मड्याची नाही गं, आजाऱ्यांची," पप्पा म्हणाले. "हिच्यात कुणी गेलेलं नाही. बोटंबिटं तुटलेलीच माणसं नेली."

"आणि ही कशापायी आणली?"

"फिरायला."

ती आत गेली, गोमूत्राची बाटली घेऊन आली आणि गाडीच्या चारी चाकांवर शिंपडून पुन्हा कपडे घासायला बसली.

फिरायला हे कारण खोटं होतं, हे मला तेव्हाच कळलं. मी अकरावीत होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं, पण हे खरंच कळलं होतं. खरं कारण इथे सरळ सांगते, कारण आमच्या घरात ते कधी कुणी सरळ सांगितलं नाही. प्रवासात बाईनं लघवीला जायचं कुठे, हे ते कारण.

माझी आई साताऱ्याकडची. लग्न होऊन इकडे आली ती घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत. संडास मागच्या अंगाला, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच, पत्र्याचं दार आणि दाराची आतली कडी मोडलेली. मालकाला सांगून सांगून सगळ्या बायका थकल्या. मी बोलायला लागल्यापासून माझं घरातलं पहिलं काम म्हणजे त्या दाराशी उभं राहून मोठ्यानं पाढे म्हणायचे. पाढे ऐकू आले की आत कुणीतरी आहे हे येणाऱ्यानं ओळखायचं. माझे पाढे आजही पक्के आहेत, त्याचं श्रेय शाळा घेते. पुढे कोपरखैरण्याला स्वतःचं घर झालं. दीड खोलीचं, पण संडास आपला. पहिल्या दिवशी आई आत गेली ती इतका वेळ आली नाही की पप्पांनी दार वाजवलं. आतून आवाज आला, "आवं, कडी बघतीया."

घरचा प्रश्न सुटला. प्रवासाचा राहिला. माहेरी जायचं म्हटलं की आई आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायची. ताकसुद्धा नको म्हणायची. एसटीत बसली की तोंड बांधल्यासारखी सातारा येईपर्यंत गप्प. स्टँडवरची सोय तिला चालायची नाही, आणि रस्त्याकडेला झुडपाआड बसणं तर तिला मरणाहून वाईट वाटायचं. असं करत करत एका वर्षी ती माहेरच्या यात्रेला गेली आणि साताऱ्याच्या स्टँडवर उतरता उतरता घेरी येऊन पडली. नंतर ताप, जळजळ, इंजेक्शनं. डॉक्टर म्हणाले, बाई, पाणी पीत जा. जसं काही तिला पाणी आवडत नव्हतं!

त्यानंतर ती माहेरी गेलीच नाही. "मला काय गावाची हौस नाही," म्हणायची. तिची थोरली बहीण, जिनं तिला आजी गेल्यावर वाढवलं, दर उन्हाळ्यात निरोप धाडायची. गावची माणसं वाशीच्या मार्केटात हमाली करायची, ती गावाहून आली की सांगत येत, "आक्का म्हणत्यात, यात्रेला ये." आई ऐकायची, चहा द्यायची आणि तांदूळ निवडत बसायची. मग दोन दिवस आमच्या भाजीत मीठ दुप्पट पडायचं. मला ते बघून इतका राग यायचा, आणि तो राग कुणावर काढायचा तेच समजायचं नाही. बहुतेक वेळा मी तो भाजीवर काढायचे.

पप्पाही ती खारट भाजी मुकाट्यानं खायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, वेल्डिंग येत होतं. म्हणून त्यांनी गाडी आणली.

दर रविवारी दारासमोर ठिणग्या उडायला लागल्या. स्ट्रेचरच्या जागी त्यांनी झोपायचा बाक बसवला. भिंतीला फळ्या मारल्या, फळ्यांना पुढून पट्ट्या, म्हणजे घाटात सामान घरंगळू नये. स्टोव्हला खाचा केल्या. बाहेरून निळा रंग दिला, तरी समोरची उलटी इंग्रजी अक्षरं उन्हात खालून दिसायचीच, आणि शेवटपर्यंत रस्त्यावर लोक आम्हाला घाबरून वाट द्यायचे. सगळ्यात शेवटी मागच्या कोपऱ्यात प्लायवूडची एक उभी खोली झाली, माणूस जेमतेम मावेल एवढी. तिच्यात पाइपांची एक खुर्ची, खुर्चीला मधे गोल भोक, वर झाकण, खाली बादली. बादलीत टाकायला भुशाचा डबा. आणि दाराला आतून पितळी कडी.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण पप्पांनी ती खुर्ची जोडली भर गल्लीत, आणि समोरच्या मावशींनी विचारलं, "ह्या काय बनवताव भाऊ?" त्यावर त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "हिची सोय."

समोरच्या मावशी मूळच्या घणसोली गावातल्या. मुलानं आमच्यासमोर घर घेतलं म्हणून इकडे राहायला आलेल्या. उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावरून माल आणायचा आणि दिवसभर कोपरखैरण्याच्या बाजारात बसून सुकी मासळी विकायची, हा त्यांचा धंदा. बाजारात आरोळी द्यायचा गळा, त्यामुळे त्यांनी कुजबुज केली तरी सेक्टरभर जायची. बाजारात कुणी चहा पुढे केला तर हात लावायच्या नाहीत, चहा सोसत नाही म्हणायच्या, आणि संध्याकाळी घरी आल्या की आमच्या उंबऱ्यावर बसून कपावर कप रिचवायच्या. त्या दिवशी मात्र चहाचीही त्यांना आठवण राहिली नाही. "वैनीचा सिंहासन बघा गो!" त्या हसत हसत दारोदार सांगत सुटल्या. दिवेलागणीच्या आत सगळी गल्ली सिंहासन बघून गेली. एका आजोबांनी तर झाकण उघडून आत वाकून पाहिलं आणि काम मजबूत आहे म्हणून पप्पांची पाठ थोपटली.

आई घरात दार लावून बसली होती. पप्पा आत आले, तेव्हा तिनं एकच वाक्य उच्चारलं.

"जन्मात पाय ठेवायची न्हाई मी त्या गाडीत."

पप्पांचा चेहरा असा पडला की मला दोघांचाही राग आला.

पण आई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. अब्रू गेली होती ती परत आणायला हवी होती. दुसऱ्या दिवशी पप्पा कामावर गेल्यावर तिनं जन्मात न ठेवायचा तो पाय गाडीत ठेवला. जुन्या साडीची एक खोळ शिवून खुर्चीला पायापर्यंत घातली. भुशाच्या डब्यावर "रवा" अशी चिठ्ठी डकवली. प्लायवूडच्या भिंतींना खिळे मारून पिशव्या टांगल्या. मग घरातली लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी, दादरा बांधलेली, दोन्ही हातांनी उचलून नेली आणि खुर्चीच्या बरोब्बर मधे ठेवली. आणि समोरच्या मावशींना हाक मारली.

"मावशी, या की. माझं सामानाचं कपाट बघा."

मावशी आल्या, बघतच राहिल्या. आमच्या घरात लोणच्याच्या बरणीला विटाळाच्या हातानं शिवायचं नाही, ओला चमचा घालायचा नाही, तिची सावलीसुद्धा सांभाळायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. अशी बाई बरणी ठेवेल, तर ती जागा *ती* असूच शकत नाही. मावशींनी बरणीकडे पाहिलं, खोळीकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि निमूटपणे परत गेल्या. तेव्हापासून गल्लीत सिंहासनाचा विषय बंद झाला. सगळे "वैनीचं कपाट" म्हणायला लागले.

पप्पांना हे कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अगं, पण मग बसायचं कुठं?"

"कपाटात कोण बसतं?" आई म्हणाली.

झालं. त्यानंतर गाडी प्रवासाला निघायची ती आईला सोडून. पप्पा आणि मी अलिबागला जाऊन आलो, माळशेजला जाऊन आलो. आई आदल्या दिवशी सगळं सामान लावून द्यायची, दारात उभी राहून हात हलवायची आणि आम्ही वळणावर गेलो की आत जायची. पप्पा गाडी चालवताना फारसे बोलायचे नाहीत. समुद्रावर गेलो तरी त्यांचं लक्ष मागच्या कोपऱ्यात. मी एकदा म्हटलं, "निदान मी तरी वापरू का?" तर म्हणाले, "बरणी हलवायला आईला विचार." मी आईला विचारायला जाणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं.

दोन प्रवासांच्या मधे मात्र गाडी पूर्ण आईची होती. आमच्या घराला माळा नव्हता. तो आता दारात चार चाकांवर उभा होता. पप्पांचं म्हणणं, गाडीचं सामान गाडीत, कधीही किल्ली फिरवली की निघता आलं पाहिजे. आईचं म्हणणं, सामान म्हणजे सामान, घरातलं संपलं की गाडीतलं घ्यायचं. रविवारी पप्पा भरायचे, शनिवारपर्यंत आई रिकामं करायची. "जा गं, गाडीतून टूथपेस्ट आण," हे वाक्य आमच्याकडे रोजचं. बघता बघता गल्लीलाही सवय लागली. कुणाकडे अवेळी पाहुणा आला की पोर पळत यायचं, "काकू, गाडीत साबण आहे का?"

साबणाचीच गंमत सांगते. आई आंघोळीच्या वड्या दोऱ्यानं अर्ध्या कापून ठेवायची, म्हणजे प्रवासात लवकर वाळतात. एका पावसाळ्यात तिनं त्या वड्या पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवल्या. नंतर कितीतरी दिवस आम्ही चंदनाच्या वासाचे पोहे खात होतो. पप्पा म्हणायचे, खाऊन झाल्यावर चूळ भरायलाच नको. मग मे महिन्यात खोबरेल तेल पातळ होऊन बाटलीतून झिरपलं आणि सगळे टॉवेल केसांना लावायच्या लायकीचे झाले. उन्हानं टूथपेस्टची नळी फुगून फुटली. पावडर दमट हवेत गोळा झाली, ती खडूसारखी फळ्यावर उमटायची. उंदरानं मेणबत्त्या खाल्ल्या, त्या संपल्यावर साबण खाल्ला, आणि एवढं खाऊन तो मेला नाही याचं आईला फार वाईट वाटलं. त्यात मावशींनी एकदा "दोन दिस ठेव गो" म्हणून सुकटीचं पोतं गाडीत टाकलं. तो वास घालवायला आईनं धूप जाळला, कडुनिंब पसरला, लिंबाच्या साली ठेवल्या. शेवटी गाडीला असा एक वास आला की नाक असलेला माणूस आत शिरला की क्षणभर उभाच राहायचा.

हळूहळू आई दुपारची गाडीतच बसायला लागली. मागचं दार उघडं ठेवून बाकावर शेंगा सोलायची, डबे पुसायची, काय संपलं काय उरलं बघायची. दीड खोलीच्या घरात तिला एकटीला बसायला अशी जागा कधी नव्हती. मी कॉलेजातून आले की लांबूनच तिची पाठ दिसायची. ती कुठेही न जाणाऱ्या गाडीत बसलेली असायची.

मग गाडीला दोन वर्षं होत आली तेव्हा यात्रेआधी मावशीचा, म्हणजे आईच्या सख्ख्या बहिणीचा निरोप आला. मार्केटातल्या त्या गाववाल्यानं चहा खाली ठेवला, घसा खाकरला आणि शब्दन् शब्द सांगितला. "आक्का म्हणत्यात, औंदा आली न्हाईस तर मी मेले आसं समज. आन मेले तरी येऊ नगंस."

आई तांदूळ निवडत राहिली. माणूस गेल्यावर ताट खाली ठेवून म्हणाली, "आवं, आपली गाडी साताऱ्यापतोर जाईल का?"

पप्पांनी किल्ली शोधायला सुरुवात केली. यात्रेला अजून आठवडा होता.

निघायच्या दिवशी गाडीत इतकं सामान होतं की उंदरालासुद्धा जागा उरली नव्हती. साबण, तेल, पेस्ट, पंचे, पाण्याचे दोन मोठे कॅन, पोहे, चटणी, भुसा. आणि कपाटात खुर्चीवर बरणी, कारण लोणचं बहिणीला द्यायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी आईवर नजर ठेवून होते. तिनं पाणी तोडलं. जेवताना घोटभरसुद्धा प्यायली नाही. पप्पांनीही पाहिलं. ते ताटातल्या भाताशी खेळत बसले. मला वाटलं, एवढी गाडी, एवढी कडी, सगळं फुकट. ही पुन्हा तशीच पडणार.

खंबाटकीच्या घाटात कुठेतरी पुढे ट्रक आडवा झाला होता. सगळी वाहतूक थांबली. उन्हाळ्याची भर दुपार, पत्र्याची गाडी, आत मासळी आणि चंदन. आईचे ओठ पांढरे पडले होते. पप्पांनी तांब्या पुढे केला.

"मला तहान न्हाई."

आणि माझं डोकं सटकलं. "पी की पाणी!" मी ओरडले. "दोन वर्षं लोणचं बसवलंयस त्या खुर्चीवर! पप्पांनी काय लोणच्यासाठी बनवली होती?"

"त्वांड सांभाळ," आई म्हणाली. पण तिचा आवाज निघत नव्हता. पप्पा स्टिअरिंगकडे बघत बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

आमच्यापुढे एक एसटी उभी होती. माणसं खाली उतरून पाय मोकळे करत होती. पुरुष कठड्याकडे तोंड करून खुशाल उभे होते, त्यांना कसली अडचण? बायका बसच्या सावलीत दाटीवाटीनं उभ्या. त्यांच्यात एक पोटुशी मुलगी होती, माझ्याहून थोडीच मोठी. तिची सासू तिच्याभोवती पदराचा आडोसा करून इकडे तिकडे बघत होती. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, मधे गाड्यांची रांग. मुलगी खालचा ओठ दातात धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आई खिडकीतून बघत होती. पुष्कळ वेळ बघत होती. मग ती उठली, मागे गेली, कपाटाचं दार उघडलं, बरणी उचलली आणि मागचं दार ढकलून खाली उतरली.

"धरा ही," तिनं पप्पांना खाली बोलावून बरणी त्यांच्या हातात दिली. मग बसकडे वळून, सगळा घाट ऐकेल अशा आवाजात, "ए पोरी! हिकडं ये. हितं सोय हाय. आतनं कडी लागती."

मुलगी आली. तिच्यामागून सासू. मुलगी बाहेर आली तेव्हा आणखी दोघी उभ्या होत्या, आणि मग रांगच लागली. आईनं कारभार हातात घेतला. मला तांब्या देऊन हातांवर पाणी घालायला उभं केलं, अर्ध्या कापलेल्या साबणाच्या वड्या एकेकीच्या हातात दिल्या, पंचे दाराला टांगले. रव्याची चिठ्ठी फाडून टाकली आणि प्रत्येकीला बजावलं, "वरनं मूठभर भुसा टाका." मधेच बादली भरली. तेव्हा पप्पांनी बरणी माझ्याकडे दिली, बादली घेऊन उतारावर खाली गेले, रिकामी करून, फिनेल टाकून परत आणून ठेवली आणि बरणी पुन्हा घेतली. मला त्यांचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कधी कुणाचा वाटला नाही.

ते गाडीकडे पाठ करून, बरणी पोटाशी धरून, उन्हात उभे होते. एका ट्रकवाल्यानं वाकून विचारलं, "लोणचं कसं दिलं?"

"विकायचं नाही," पप्पा म्हणाले. "जरा बाजूला काढलंय."

पुढच्या गाड्या हलायला लागल्या. एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारली, बायका धावत बसमध्ये चढल्या. ती पोटुशी मुलगी खिडकीतून आमच्याकडे बघत होती, बस वळणाआड जाईपर्यंत. पप्पा गाडीत बसायला निघाले, तर आई म्हणाली, "थांबा जरा."

ती आत गेली. कपाटाचं दार लागलं. कडीचा आवाज आला, खट.

मी दारापाशीच उभी होते. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. आणि मला कळायच्या आत माझ्या तोंडून सुरू झालं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा..."

"गप बस," आतून आई म्हणाली. "कडी हाय."

बाहेर आल्यावर तिनं साबणाच्या शेवटच्या तुकड्यानं हात धुतले आणि पप्पांकडे तांब्या मागितला. सगळा प्यायली. पुन्हा भरून मागितला. तोही प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. पप्पा बरणी धरून बघत उभे होते. मागचे लोक शिव्या द्यायला लागले, तरी आम्ही तिघंही हललो नाही.

साताऱ्यापर्यंत तिनं आणखी तीनदा गाडी थांबवायला लावली. मला वाटतं, त्यातली निदान एक वेळ तरी ती नुसती कडी लावायला गेली होती.

माहेरी लोणच्याचं कौतुक झालं. आईनं बरणी बहिणीकडेच ठेवली, म्हणाली, मला आता तिचा उपयोग नाही. आक्कानं बरणीसकट लोणचं ठेवून घेतलं आणि मरायचं रहित केलं.

आम्ही परत आलो त्याच संध्याकाळी समोरच्या मावशी पाटी घेऊन बाजारातून येत होत्या. "वैनी, गारीत साबन हाय का गो?"

"संपला सगळा," आई म्हणाली. ती गाडी झाडत होती.

मावशी मागच्या दाराशी आल्या. आत वाकून पाहिलं. कपाटाचं दार उघडं होतं. खोळ काढलेली खुर्ची उघडी उभी होती, झाकण वर, भुशाच्या डब्यावर चिठ्ठी नाही.

"बरनी कुठं गेली?"

"बरणी दिली बहिणीला," आई म्हणाली. "खुर्चीवर मी बसले. जाताना बी, येताना बी."

मी उंबऱ्यावर होते. आता मावशी हसणार आणि सेक्टरभर जाणार, म्हणून मी भांडायला उठूनच उभी राहिले. माझी वाक्यंसुद्धा तयार होती.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पाटी हळूच जमिनीवर टेकवली. गल्लीत दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. मग आईजवळ सरकून, त्यांच्या गळ्यातून कधी निघेल असं मला वाटलं नव्हतं इतक्या बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "आतून कडी नीट लागते का गो?"

आईनं केरसुणी ठेवली. "लागती की. या, दावते."

मावशी लुगडं सावरत गाडीत चढल्या. कपाटाचं दार लागलं. बाहेर मला कडी लागल्याचा आवाज आला, मग निघाल्याचा, मग पुन्हा लागल्याचा.